मूल पदर सोडत नाही, तेव्हा

(संस्थेच्या अमृतमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमृतमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचा गौरव करावा, अशी रीत आहे. पण ते काम आमच्याहून अधिकारी माणसे करीत आहेत. चिटणिसांनी आम्हांला सांगितले ते एवढेच की, "बालवाडीत तुमची इतकी वर्षे गेली, आईबापांच्या उपयोगी पडेल असे काही तरी बोला." म्हणून आज एका लहानशा कागदाविषयी बोलण्याचे आम्ही योजले आहे. तो कागद म्हणजे आपल्या बालवाडीचे प्रवेशपत्रक. त्याच्या पाठीमागे एक रकाना आहे : 'मुलाच्या स्वभावाविषयी पालकांनी थोडक्यात लिहावे.' जागा दोन ओळींची. त्या दोन ओळींत आईबाप काय लिहितात? 'स्वभाव शांत.' 'थोडा हट्टी आहे, प्रेमाने घ्यावे.' आणि सर्वांत अधिक वेळा आढळणारे वाक्य म्हणजे 'आईशिवाय राहत नाही.'

हे वाक्य आम्ही शेकडो वेळा वाचले आणि वाचून कागद फाईलला लावून टाकला. जून उजाडला की दाराशी रडारड होतेच, चार दिवसांत ती थांबतेही, मग त्यात विचार करण्यासारखे काय आहे, अशी आमची समजूत होती. पुढे अनुभवाने कळले की, या तीन शब्दांमागे चार निरनिराळी मुले उभी असतात. एक तीन वर्षांचे असते, प्रथमच उंबरठा ओलांडून आलेले. त्याचे रडणे पावसाच्या पहिल्या सरीसारखे, येते आणि जाते. दुसऱ्याला वर्गातले कोणी तरी चिमटे काढीत असते. तिसऱ्याला घरी मराठी येते, पण शेजारी बसलेल्या मुलांची गुजराती आणि बाईंची इंग्रजी कळत नाही. आणि चौथे मूल असे असते की, आपण येथे असताना तिकडे आईला काही झाले तर काय, या धास्तीने ते आतून पोखरले जात असते. चौघांच्याही कागदावर वाक्य एकच : आईशिवाय राहत नाही.

या चौथ्या मुलाच्या अवस्थेला शास्त्रात वियोगचिंता म्हणतात. आपण घरगुती भाषेत ताटातुटीची धास्ती म्हणू. ती ओळखायची कशी, आणि ओळखण्याच्या कामी आईबापांच्या सांगण्यावर कितपत विसंबावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम आमच्या हातून झालेली चूक सांगतो. कारण हा विचार आम्हांला पुस्तकाने नव्हे, त्या चुकीने शिकवला.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. साडेचार वर्षांचा एक मुलगा बालवाडीत दुसऱ्या वर्षाला होता. पहिले वर्ष त्याने हसतखेळत काढले होते. दिवाळीची सुट्टी संपली आणि त्याचे रोज सकाळी पोट दुखू लागले. दाराशी आला की आईच्या पदराला दोन्ही हातांनी धरून ठेवी. आई म्हणाली, "हा घरातसुद्धा माझी पाठ सोडत नाही. न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून हाका मारतो." वडिलांना विचारले, ते म्हणाले, "माझ्यासमोर तर मजेत असतो. हिनेच लाडावून ठेवला आहे." वर्गाच्या बाई म्हणाल्या, "दहा मिनिटांत गप्प होतो, मग काही तक्रार नाही." आम्ही मते मोजली. दोन विरुद्ध एक. आईला सांगितले, "तुम्ही दाराशी रेंगाळू नका. सोडा आणि वळून न पाहता जा." तिने बिचारीने तसे केले. आठ-दहा दिवसांत मुलाचे रडणे थांबले. आम्ही समाधान पावलो.

पुढे महिना-दीड महिन्याने बाईंच्या लक्षात आले की, हा मुलगा पाठीवरचे दप्तर काढीत नाही, डबा उघडत नाही, आणि बसतो तो नेहमी फाटक दिसेल अशा खिडकीशी. त्यांनी त्याला जवळ घेऊन विचारले, "दप्तर का रे काढत नाहीस?" तो म्हणाला, "आई आली तर लगेच जाता यावं म्हणून." आणि थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाला, "आजीपण सकाळीच गेली होती."

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या आजीला एके दिवशी सकाळी इस्पितळात नेले होते, आणि ती परत आली नाही. मुलाला सांगितले होते, 'आजी गावाला गेली.' त्याने आपल्या परीने हिशेब मांडला होता की, सकाळी जे माणूस डोळ्यांआड होते ते परत येत नाही. आईला हे सारे ठाऊक होते. मग तिने सांगितले का नाही? तिला कोणी विचारलेच नाही म्हणून. 'हे केव्हापासून सुरू झाले, आणि त्या सुमारास घरात काय घडले?' एवढा एक प्रश्न आमच्या कागदावर असता, तर त्या लेकराचे दोन महिने वाचले असते. रडणे थांबले म्हणजे भीती थांबली असे नव्हे, हा धडा आम्ही त्या दिवशी घेतला.

हा धडा जगाने यापूर्वीच एकदा मोठी किंमत देऊन घेतला होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच बॉम्बहल्ल्याच्या भीतीने इंग्लंडातील शहरांतून सुमारे पंधरा लक्ष माणसे खेड्यापाड्यांत हलवण्यात आली. त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि त्यांतली कितीएक आईबापांवाचून गेली. बॉम्बपासून ती वाचली. पण ताटातुटीने मुलांच्या मनावर काय होते, हा प्रश्न त्यानंतर कोणाला टाळता येईना. लंडनमध्ये ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषींनी युद्धकाळात मुलांसाठी संगोपनगृहे चालवली. तेथे असा नियम होता की, नोकर-चाकरांसह प्रत्येकाने मुलांविषयी जे दिसेल ते कार्डावर टिपून ठेवायचे. बंबखान्याचे काम पाहणारा जेम्स रॉबर्टसन नावाचा तरुणही अशी टिपणे करी. हाच तरुण पुढे डॉ. जॉन बोल्बी यांच्या हाताखाली टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये गेला आणि इस्पितळांतील लहान मुलांचे निरीक्षण करू लागला.

त्या काळी इंग्लंडच्या इस्पितळांत आईबापांना मुलाजवळ थांबू देत नसत. भेटीच्या वेळा अगदी तुटपुंज्या असत. डॉक्टर आणि परिचारिका सांगत, "मूल दोन दिवस रडते, मग स्थिरावते. आई भेटायला आली की पुन्हा रडते. म्हणून भेटी नकोतच." आया मात्र सांगत, "घरी आणलेले मूल पहिल्यासारखे राहिलेले नाही." कोणाचे खरे मानावे? मानले गेले ते डॉक्टरांचे. रॉबर्टसनने १९५२ साली एक चित्रपट तयार केला. दोन वर्षे पाच महिन्यांची एक मुलगी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढाच त्याचा विषय. त्यात ती मुलगी फारशी आकांत करीत नाही. ओठ आवळून रडू आवरते, आणि हळूहळू आईपासूनच तोंड फिरवू लागते. रॉबर्टसनने दाखवून दिले की, प्रथम आक्रोश, मग निराशा आणि मग तुटलेपणा अशा तीन पायऱ्या असतात, आणि ज्याला परिचारिका 'स्थिरावणे' म्हणतात ती यांतली दुसरी किंवा तिसरी पायरी असते. लंडनच्या वैद्यकसभेत चित्रपट दाखवला तेव्हा अनेक डॉक्टर संतापले. पण १९५९ साली सरकारी समितीने शिफारस केली की, मुलांच्या इस्पितळांत आईबापांना मोकळेपणी येऊ द्यावे. इतकी वर्षे आया जे सांगत होत्या, ते खरे होते.

यावरून कोणी म्हणेल की, मग आईचे म्हणणे सदैव प्रमाण मानावे. तेही बरोबर नाही, आणि येथेच विषयाची खरी गुंतागुंत आहे.

आधी हे समजून घेऊ की, ताटातुटीचे रडणे हा मुळात रोग नव्हे. मूल सहा-आठ महिन्यांचे झाले की आपले आणि परके यांत भेद करू लागते. एक ते दीड वर्षाच्या सुमारास ही ओढ सर्वांत तीव्र असते, आणि तिसऱ्या वर्षानंतर बहुतेक मुलांत ती ओसरू लागते. म्हणून अडीच वर्षांचे मूल दाराशी रडले तर ते निरोगी समजावे. सात वर्षांचे मूल महिनाभर तसेच रडले तर विचारात पडावे. वैद्यकशास्त्राने १९८० साली वियोगचिंतेला आपल्या यादीत स्वतंत्र स्थान दिले. आज जी कसोटी मानतात तीत आठ लक्षणे आहेत : दूर होताना किंवा नुसत्या कल्पनेने पराकाष्ठेचा त्रास, जिवलगांना आजार, अपघात किंवा मृत्यू येईल ही सततची काळजी, आपण हरवू किंवा कोणी आपल्याला पळवून नेईल ही काळजी, घराबाहेर वा शाळेत जाण्यास नकार, एकटे राहण्याची भीती, जिवलग जवळ नसता झोपण्यास नकार, ताटातुटीची दुःस्वप्ने, आणि डोके-पोट दुखण्याच्या तक्रारी. यांतली निदान तीन लक्षणे, निदान चार आठवडे, आणि वयाच्या मानाने अधिक व रोजच्या व्यवहारात आडकाठी करण्याइतकी असतील, तरच त्याला विकार म्हणावे. पाश्चात्त्य पाहणीत शंभरांत सुमारे चार मुले अशी आढळतात. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात एखाददुसरे. पण त्या एकाला 'लाडोबा' ठरवून सोडून देणे हा अन्याय आहे.

आता ही लक्षणे पाहा. दुःस्वप्न रात्री पडते, पोट सकाळी दुखते, न्हाणीघराशी हाका घरी मारल्या जातात. शिक्षकाला यातले काय दिसणार? आणि पाच वर्षांच्या मुलाला आपली भीती शब्दांत कुठे मांडता येते? म्हणून आईबापांना विचारल्यावाचून गत्यंतर नाही. हे विचारणे शिस्तीने व्हावे यासाठी शास्त्रज्ञांनी प्रश्नावल्या तयार केल्या. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे डॉ. बिर्माहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली; आज ती ४१ प्रश्नांची आहे, आणि त्यांतले आठ प्रश्न ताटातुटीविषयी आहेत. प्रत्येक उत्तराला शून्य, एक किंवा दोन गुण. या आठांत पाच किंवा अधिक गुण झाले तर पुढे चौकशी करावी असा संकेत. तीच प्रश्नावली मुलासाठी निराळी आणि पालकांसाठी निराळी, अशी दोन रूपांत आहे. ऑस्ट्रेलियात सुसान स्पेन्स यांचीही अशीच आहे. पालकांच्या पत्रकात ३८ प्रश्न, त्यांतले सहा ताटातुटीचे. अमेरिकेतील आयझेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर केवळ ताटातुटीसाठी प्रश्नावली केली. तीत एकटे राहण्याची भीती, आपल्याला टाकून जातील ही भीती, आजारी पडण्याची भीती, आणि घरच्यांवर संकट कोसळेल ही काळजी, अशा चार निरनिराळ्या गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत. ही वाटणी आम्हांला फार मोलाची वाटते. आमच्या त्या मुलाची भीती चौथ्या प्रकारची होती, आणि आम्ही उपाय केला तो हट्टाचा.

परंतु प्रश्नावली छापली म्हणून उत्तर खरे येतेच असे नाही. १९८७ साली आकेनबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांची छाननी करून पाहिले की, एकाच मुलाविषयी निरनिराळ्या माणसांचे सांगणे कितपत जुळते. संपूर्ण मेळ म्हणजे एक आणि मुळीच मेळ नाही म्हणजे शून्य, असे माप धरले, तर आई व वडील यांच्यासारख्या, मुलाला एकाच ठिकाणी पाहणाऱ्या दोघांचा मेळ सरासरी ०.६० निघाला. पालक आणि शिक्षक यांसारख्या निरनिराळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांचा ०.२८. आणि मुलाचे स्वतःचे सांगणे व इतरांचे सांगणे यांचा अवघा ०.२२. पुढे २०१५ साली ३४१ अभ्यासांची अशीच छाननी झाली, तेव्हाही निरनिराळ्या लोकांच्या सांगण्यातला मेळ सरासरी ०.२८ च निघाला. म्हणजे आमच्या दारात आई, वडील आणि बाई यांनी तीन तऱ्हांनी जे सांगितले, ते काही नवल नव्हते. जगभर तसेच आहे.

मग यांत खोटे कोण बोलतो? आमचे उत्तर : बहुधा कोणीच नाही. आईला मूल दिसते ते सकाळी सात वाजता, वडिलांना रात्री नऊ वाजता, आणि बाईंना साडेदहाला. मूल तिन्ही वेळी निराळे असते. आंधळ्यांनी हत्ती चाचपला ती गोष्ट आपण मुलांना सांगतो; पण मुलाला चाचपताना आपणच ती विसरतो. तेव्हा मते मोजून बहुमताने निकाल देणे, हे जे आम्ही केले, ते मुळातच चूक. प्रत्येकाची साक्ष ही त्या त्या जागेची आणि वेळेची साक्ष समजावी. पालकांचे निवेदन ही साक्ष आहे; निकाल नव्हे, आणि आरोपीचा कबुलीजबाब तर मुळीच नव्हे.

या शेवटच्या शब्दांवर आम्ही थोडे थांबतो. आई स्वतः खचलेली, काळजीत बुडालेली असेल, तर तिला मुलाची लक्षणे अधिक ठळक दिसू शकतात, असे अभ्यासक सांगतात. हे खरे आहे. पण यावरून 'आईच घाबरट, म्हणून मूल तसे' असा शिक्का मारणे सोपे जाते, आणि शिक्का बसला की आई पुढच्या वेळी खरे सांगत नाही. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना 'घरात सगळे ठीक आहे ना?' असे विचारले, तर कोणती सून 'नाही' म्हणेल? म्हणून आईला वेगळे बसवून विचारावे. वडिलांना वेगळे विचारावे. आणि मुलाला ज्याचा लळा आहे ती आजी, मावशी किंवा काकू असेल, तर तिलाही विचारावे. आपल्या घरांत मूल कोणाचा पदर धरते, हे आधी ठरवून घ्यावे लागते. तो पदर आईचाच असतो असे नाही.

येथे आपल्या घरांची आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. बाहेरच्या प्रश्नावल्यांत 'मूल एकटे झोपायला घाबरते का?' अशा अर्थाचा प्रश्न असतो. आपल्याकडे मूल एकटे झोपतेच कुठे? आजीच्या कुशीत नाही तर आईबापांच्या मध्ये. प्रामाणिक आई 'होय, नेहमी' असे उत्तर देईल आणि विनाकारण मुलाचे गुण वाढतील. तसेच 'घराबाहेर रात्री राहण्यास नकार देते का?' याचे उत्तर आपल्याकडे मामाच्या गावी राहण्यावरून द्यायचे की परक्या घरी, हे स्पष्ट करावे लागते. उलट दुसऱ्या बाजूने, 'काळजी करतो का?' असे विचारले तर आई म्हणते, "छे, एवढ्याशा पोराला कसली काळजी!" पण 'मी बाजारातून यायला उशीर झाला तर कासावीस होतो का? पुन्हा पुन्हा गॅलरीत जाऊन पाहतो का? मी आजारी पडले तर जेवत नाही का?' असे विचारले, की तीच आई दहा प्रसंग सांगते. प्रश्नाचे नुसते भाषांतर पुरत नाही. तो आपल्या घरात आणून बसवावा लागतो.

भाषेचा मुद्दा तर बडोद्यातल्या आपल्या मंडळींनी विशेष ध्यानात घ्यावा. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहूनही घरात मराठी टिकवली, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. परंतु ज्या मुलाचे सगळे बोलणे मराठीत, त्याला एके दिवशी गुजराती वा इंग्रजी वर्गात बसवले, तर त्याची भीती आई नसण्याची आहे, की आपले बोलणे कोणालाच कळत नसल्याची आहे, हे पाहिले पाहिजे. ओळखण्याची सोपी खूण अशी : तेच मूल आईला सोडून शेजारच्या मराठी घरी दोन तास आनंदाने खेळत असेल, तर ती बहुधा ताटातुटीची धास्ती नव्हे. म्हणून 'आईशिवाय राहत नाही' असे सांगणाऱ्या आईला आमचा पुढचा प्रश्न असतो, "कुठे राहत नाही, आणि कुठे राहतो?" या एका प्रश्नाने अर्धी चौकशी पुरी होते.

मेरी एन्सवर्थ या विदुषी १९५४-५५ मध्ये आफ्रिकेतील युगांडा देशात खेड्यांतल्या घरोघरी जाऊन २६ आयांशी बोलल्या आणि त्यांच्या २८ तान्ह्या मुलांचे निरीक्षण करीत राहिल्या. त्यांना असे आढळले की, ज्या आया आपल्या बाळाविषयी आपण होऊन बारीकसारीक तपशील सांगत, त्यांची बाळे आईच्या बाबतीत अधिक निर्धास्त असत. आम्ही यातून आयांची परीक्षा घेण्याचा अर्थ काढीत नाही. आम्ही एवढेच घेतो की, तपशील हे निवेदनाचे मोल आहे. 'फार रडतो' याचा उपयोग थोडा. 'या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तीन दिवस रडला, मंगळवारी आत्या सोडायला आली तेव्हा रडला नाही' याचा उपयोग फार. आणि तपशील हवा असेल, तर विचारणाऱ्याने वेळ दिला पाहिजे. दोन ओळींच्या रकान्यात तो मावत नाही.

आता आईबापांना आमचे सांगणे असे. मूल सोडीत नाही अशी शंका आली, तर पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज चारच गोष्टी लिहा : केव्हा झाले, कोणापासून दूर होताना झाले, मूल नेमके काय म्हणाले किंवा त्याने काय केले, आणि मग तुम्ही काय केलेत. आई व वडील यांनी आपापले निराळे लिहावे. एकमेकांचे वाचून दुरुस्त करू नये. सुट्टीच्या दिवशी पोट दुखते का, तेही लिहा. पोटदुखीसाठी डॉक्टरांना मात्र आधी दाखवा. प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नका.

'मग तुम्ही काय केलेत' हा चौथा रकाना कोणाला दोष देण्यासाठी नाही. मूल घाबरले की आपण त्याला शाळेतून घरी ठेवतो, जवळ घेऊन झोपतो, बाजारात जाणे टाळतो. माया आहे म्हणूनच करतो. पण त्यामुळे मुलाला असे वाटू लागते की, भिण्यासारखे खरोखरच काही आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात डॉ. लेबोविट्झ यांनी १२४ मुलांच्या बाबतीत एक प्रयोग केला व तो २०२० साली प्रसिद्ध झाला. काही मुलांवर नेहमीचे मानसोपचार केले; इतरांच्या बाबतीत मुलाला हातही न लावता केवळ आईबापांना शिकवले की, मुलाची भीती मान्य करा, त्याला धीर द्या, पण भीतीपुढे घरच्या रीती थोड्याथोड्याने वाकवणे कमी करा. दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणजे जे आईबाप साक्षीदार, तेच वैद्यही होऊ शकतात.

रीत साधी आहे. चोरून निघून जाऊ नका, सांगून जा. निरोप थोडक्यात घ्या. 'लवकर येते' असे म्हणू नका, कारण मुलाला घड्याळ कळत नाही. 'डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की मी येते' असे म्हणा, आणि त्या वेळी या. ताटातूट पायरीपायरीने वाढवा : आज दुसऱ्या खोलीत, उद्या शेजारी, परवा अर्धा तास शाळेत. घरात मृत्यू झाला असेल तर 'गावाला गेली' असे सांगू नका. मुलाला खरे पचते; न सांगितलेले मात्र पचत नाही. आणि हे सारे करून महिना उलटला, मूल शाळेलाच मुकू लागले, अन्न-झोप तुटली, तर बालमानसतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच करू नका. वही बरोबर न्या. तिच्याइतके उपयोगी कागद दुसरे नाहीत.

शेवटी विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती. या अमृतमहोत्सवात नव्या इमारतीची योजना आहे, ती पुरी होवो. पण तिच्याबरोबर, फारसा खर्च न होणाऱ्या तीन गोष्टी व्हाव्यात. प्रवेशपत्रकाच्या मागचा दोन ओळींचा रकाना काढून तेथे पूर्ण पान द्यावे आणि त्यावर आज सांगितलेले प्रश्न साध्या मराठीत छापावे : केव्हापासून, कोणापासून, कुठे राहतो, कुठे राहत नाही, त्या सुमारास घरात काय घडले. दुसरे, प्रत्येक पालकाशी निदान अर्धा तास निवांत बोलण्यासाठी बाईंना जून महिन्यात वेळ मोकळा ठेवावा. आणि तिसरे, बालवाडीच्या ओटीवर एक बाक ठेवावा, पहिल्या आठवड्यात ज्या आईला किंवा आजीला बसावेसे वाटेल तिने खुशाल बसावे. इंग्लंडच्या इस्पितळांना जे कळायला इतकी वर्षे लागली, ते आपल्याला एका बाकाने साधेल.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मध्यंतरी दांडिया बाजारात भेटला; त्याने आम्हांला ओळखले आणि वाकून नमस्कार केला. त्या दोन महिन्यांची आठवण त्याला आहे की नाही, ते आम्ही विचारले नाही. आम्हांला मात्र आहे. त्याच्या आईने आम्हांला खरे तेच सांगितले होते. ऐकून घेण्यात आम्ही कमी पडलो.